नवा सेटअप बसवताना जुन्या फाईली सांभाळा



आता लहान कापड दुकानातही बिल संगणकावर निघते. दोन-तीन वर्षांनी प्रोग्राम नवा होतो. प्रोग्रामर येतो, सेटअप चालवतो, चहा घेऊन जातो. नवा सेटअप आतून चांगलाच असतो. नुकसान होते ते त्याला बाहेरून जोडलेल्या कामांचे.

अर्धापूरला आमच्या दुकानात भाच्याने एक बॅच फाईल करून ठेवली होती. बॅच फाईल म्हणजे संगणकाला ओळीने लिहून दिलेले हुकूम. रात्री ती विक्रीची फाईल पेनड्राइव्हवर उतरवी, आणि महिनाअखेरीस पेनड्राइव्ह नांदेडला करसल्लागारांकडे जाई. एका रमजानमध्ये नवा सेटअप बसला. त्याने प्रोग्राम नव्या फोल्डरमध्ये टाकला, फाईलचे नावही बदलले. जुना फोल्डर मात्र तसाच राहिला. बॅच फाईल बिचारी रोज जुन्या जागी जाऊन तीच शिळी फाईल उचलत राहिली. चुकीचा संदेश एकदाही आला नाही. ईदच्या आधीची विक्री विवरणपत्रातून सुटली. पुढच्या महिन्यात जीएसटीची बाकी भरली ती वार्षिक 18 टक्के दराच्या व्याजासह. रक्कम मोठी नव्हती. पण ज्या व्याजापासून आयुष्यभर दूर राहिलो, तेच आमच्या वहीत नावे पडले.

प्रोग्रामर म्हणाला, आम्ही सुधारणाच केली. खरे आहे. परंतु सुधारणा कशी करावी हे आपल्या मराठवाड्याने दोनदा पाहिले आहे. निजामी अमलातला हाली सिक्का जाऊन भारतीय रुपया आला तेव्हा 7 हाली रुपयांचे 6 भारतीय रुपये होत. रुपयाच वेगळा, म्हणून जुन्या उधारीचा प्रत्येक आकडा फिरवून लिहावा लागे. पुढे 1 एप्रिल 1957 रोजी नवे पैसे आले. 16 आण्यांच्या जागी 100 पैसे झाले, पण रुपया तोच ठेवला. पावली 25 पैशांची, अधेली 50 ची. जुनी नाणीही काही वर्षे सोबत चालली. डोकेदुखी उरली ती सुट्या आण्याची, कारण एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे. आतली मोजणी सारी बदलली, तरी रुपयात मांडलेली वही शाबूत राहिली.

संगणकातही हेच करता येते. आम्ही प्रोग्रामरला पुन्हा बोलावले. आत त्याने हवे ते करावे, पण विक्रीची फाईल जुन्या जागी जुन्या नावानेही लिहावी, आणि त्यातले रकाने त्याच क्रमाने ठेवावेत, असे ठरले. करसल्लागारांचा तक्ता त्या क्रमावरच चालतो, हे आम्हालाही तेव्हाच कळले! म्हणून सेटअपला हात लावण्याआधी या फाईलवर कोण कोण अवलंबून आहे, हे विचारून कागदावर लिहून घ्यावे. लेबल छापणारा मुलगा नेहमी विसरला जातो. मग दुसऱ्या संगणकावर नवा सेटअप बसवून जुनी बॅच फाईल, एक अक्षरही न बदलता, चालवून पाहावी.

भाच्याने बॅच फाईलमध्ये दोन ओळी वाढवल्या. फाईलची तारीख आजची नसेल तर काम थांबते आणि पडद्यावर मोठ्या अक्षरात इशारा येतो.

जुने नाव 31 मार्चपर्यंत चालेल, अशी चिठ्ठी गल्ल्याशेजारी लावली आहे. हंगामाच्या मध्यात ते बंद करू देणार नाही, हे प्रोग्रामरला आधीच बजावले आहे.