वासराचे दूध तोडताना

आमच्या बालपणी घरच्या गाईला एक पाडी झाली होती. दूध विकून घरखर्च भागवायचा असल्यामुळे पाडीच्या वाट्याचे दूध कमी करून त्यात तांदळाची पेज मिसळावी असे ठरले. पेजेवर आम्ही सारे वाढलो, मग वासराने का वाढू नये, असा आमचा सरळ हिशेब! आठ-दहा दिवसांत पाडीला हगवण लागली आणि ती गेली. हिशेब कोठे चुकला हे आम्हांस पुष्कळ वर्षांनी उमगले. आमच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरी गोठा आहे, म्हणून ते येथे सांगतो.

गाईच्या पोटाला चार कप्पे असतात. पहिल्या व सर्वांत मोठ्या कप्प्यात सूक्ष्म जंतू चारा आंबवितात आणि त्यावर गाय पोसली जाते. नवजात वासरात हा कप्पा लहान व निष्क्रिय असतो. काम करते ते केवळ चौथे, म्हणजे खरे पोट. वासरू चोखू लागले की अन्ननलिकेच्या टोकाशी असलेली पन्हळ मिटते व दूध पहिला कप्पा टाळून थेट खऱ्या पोटाकडे जाते. दुधातील साखर त्याला पचते. परंतु पिष्ट पचविणारे रस पहिल्या काही आठवड्यांत फारच अल्प असतात. पेज बाधली ती यामुळे.

दूध वाचवायचेच असेल तर ‘मिल्क रिप्लेसर’ नावाची भुकटी मिळते. तिच्यातील प्रथिने मुख्यतः दुधाचीच असावीत. साधारणपणे एक लिटर मिश्रणात १२५ ग्रॅम भुकटी असते. तथापि पिशवीवरील प्रमाण पाळावे, आणि मिश्रण ३९ अंश सेल्सिअसच्या सुमारास कोमट असताना पाजावे. काटकसरीने ते पातळ करणे म्हणजे पुन्हा आमची पेजच! मात्र चिकाला भुकटीचा पर्याय नाही. रोगप्रतिकारक द्रव्ये वासराला चिकातूनच मिळतात व ती शोषण्याची आतड्याची शक्ती सुमारे २४ तासांत संपते. खरवस आम्हांसही प्रिय आहे. पण पहिला चीक वासराचा.

आता दूध तोडण्याविषयी. पहिला कप्पा दुधाने वाढत नाही, कारण दूध तेथे जातच नाही. तो वाढतो धान्याच्या खुराकाने; खुराक आंबून जी आम्ले तयार होतात, त्यांनी त्याचे अस्तर घडते. म्हणून पहिल्या आठवड्यापासूनच मूठभर खुराक व स्वच्छ पाणी समोर ठेवावे. दूध पाजतो, मग पाणी कशाला, असे पुष्कळजण विचारतात. परंतु त्या कप्प्यातील जंतूंना पाणी लागते, आणि ते दुधातून पोहोचत नाही.

मोठ्या जातीचे वासरू सलग तीन दिवस रोज सुमारे १ किलो खुराक खाऊ लागले, की त्याचा कप्पा तयार झाला असे समजावे. हे बहुधा आठव्या आठवड्याच्या सुमारास घडते. पण पंचांग न पाहता गव्हाण पाहावी. त्यानंतरही दूध एकदम बंद न करता आठवडाभरात उतरवीत आणावे. दूध सुटल्यावर निदान दोन आठवडे खुराक तोच ठेवावा आणि वासराची जागाही बदलू नये.