सर्व्हरचा ताळेबंद मांडणारी माणसे

हिवरे बाजारमध्ये पावसाळा सरला की गाव पाण्याचा ताळेबंद मांडते. पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, विहिरींची पातळी कुठवर आली, हा सगळा हिशेब ग्रामसभेपुढे येतो. आधी माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचे पाणी बाजूला काढतात. उरलेल्यावर रब्बीला काय आणि किती पेरायचे ते ठरते. पाऊस कमी, तर पेराही कमी. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हापासूनची पाणलोटाची कामे, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी यांबद्दल भरपूर लिहिले गेले आहे. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. संगणकात करिअर करू पाहणाऱ्या मुलामुलींनी मात्र या गावाचा ताळेबंद नीट पाहावा, कारण मोठमोठे सर्व्हर सांभाळणाऱ्या कंपन्यांमध्ये नेमके हेच काम असते आणि ते करिअर म्हणून आपल्याकडे फार कमी घरांना माहीत आहे.

हिवरे बाजारमध्ये शेतीसाठी बोअरवेल घ्यायला बंदी आहे, ऊस-केळीसारखी पिके घेत नाहीत. विहिरी वेगवेगळ्या मालकांच्या असल्या तरी खडकाच्या फटींतले पाणी सगळ्यांचे एकच असते, हे त्यामागचे कारण. एकाने खोल बोअर मारून उपसा सुरू केला की शेजाऱ्याची विहीर खाली जाते. शेजारी स्वतःच्या विहिरीत दोरी सोडून रोज मोजत राहिला, तरी त्याला कारण सापडणार नाही.

आता सर्व्हरकडे येऊ. एका मोठ्या सर्व्हरवर एकाच वेळी अनेक ‘व्हर्च्युअल मशीन’ चालतात. प्रत्येकीची ऑपरेटिंग सिस्टीम वेगळी, मालक वेगळा, आणि प्रत्येकीला आपण स्वतंत्र संगणक आहोत असेच वाटते. प्रत्यक्षात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क सामाईक असतात. ‘हायपरवायझर’ नावाचे सॉफ्टवेअर ती वाटून देते, प्रोसेसर तर पाळीपाळीने. ही कल्पना जुनी आहे. आयबीएमने व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ मध्ये आणली, म्हणजे महाराष्ट्र मोठ्या दुष्काळात होरपळत होता त्याच वर्षी. २००१ मध्ये व्हीएमवेअरचा ईएसएक्स सर्व्हर आला, २००७ मध्ये लिनक्समध्येच केव्हीएम आले, आणि आजचे क्लाउड बहुतांशी याच तंत्रावर उभे आहे.

समजा, तक्रार आली की एका रुग्णालयाची नोंदणी संथ चालते आहे. त्या मशीनच्या आत पाहिले तर प्रोसेसरचा वापर ४० टक्के. नवखा माणूस म्हणेल, मशीन तर मोकळे आहे, दोष प्रोग्राममध्येच असणार. अनुभवी माणूस होस्टवर, म्हणजे खालच्या मूळ सर्व्हरवर, जाऊन बघतो की हे मशीन पाळीसाठी किती वेळ ताटकळले. या ताटकळण्याला व्हीएमवेअरमध्ये ‘रेडी टाइम’ म्हणतात, लिनक्समध्ये ‘स्टील’. व्हीएमवेअरच्या ताज्या आलेखात दर २० सेकंदांची नोंद असते. त्यात रेडी टाइम २,००० मिलिसेकंद दिसला, तर २०,००० पैकी २,००० म्हणजे १० टक्के वेळ वाट पाहण्यात गेला. पण त्या मशीनला चार व्हर्च्युअल प्रोसेसर दिलेले असतील, तर हा आकडा चौघांची बेरीज असतो. प्रत्येकाच्या वाट्याला अडीच टक्केच येतात. १० टक्के असेल तर धावपळ करावी लागते, अडीच टक्के असेल तर कारण बहुधा दुसरीकडे शोधावे लागते. एका भागाकारावर निदान फिरते, म्हणून आकडा कशाचा आहे हे विचारण्याची सवय मी या कामात सर्वांत मोलाची मानतो.

मग पुढचा शोध. होस्टवरच्या सगळ्या मशीनच्या नोंदी एकाच वेळपट्टीवर शेजारी शेजारी मांडायच्या. रात्री दोनला एका मशीनचा बॅकअप सुरू होतो आणि त्याच मिनिटाला दुसरीच्या डेटाबेसला डिस्ककडून उत्तर यायला उशीर होऊ लागतो, हे तेव्हाच दिसते. इथे तासाभराची सरासरी फसवते. पाच मिनिटांचा खोळंबा तिच्यात विरघळून जातो, पण त्या पाच मिनिटांत अडकलेला माणूस खराच अडकलेला असतो.

बारावीचे गणित झालेल्यांनी रांगेचे एक साधे सूत्रही करून पाहावे. एकच खिडकी आहे आणि लोक अनियमितपणे येत आहेत, असे धरा. खिडकी निम्मा वेळ गुंतलेली असेल, तर रांगेसह काम व्हायला मूळ कामाच्या सरासरी दुप्पट वेळ लागतो. ८० टक्के गुंतली की पाचपट, ९० टक्के गुंतली की दहापट. सर्व्हर ‘अजून दहा टक्के मोकळा आहे’ म्हणून त्यावर आणखी मशीन चढवणाऱ्या व्यवस्थापकाला हे गणित समजावून सांगणे, हाही या नोकरीचाच भाग आहे.

कारण सापडल्यावर वाटपाचा निर्णय असतो. हायपरवायझरमध्ये ‘रिझर्व्हेशन’ची सोय असते, म्हणजे एखाद्या मशीनचा वाटा आधीच राखून ठेवता येतो. ‘लिमिट’ म्हणजे कोणी किती घ्यायचे याची कमाल मर्यादा. ‘शेअर्स’ म्हणजे टंचाईत कोणाला किती प्राधान्य. पिण्याचे पाणी आधी बाजूला काढणारे आणि उसाला नकार देणारे गाव ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे शिकवावे लागू नये.

या कामाच्या पाट्या अनेक आहेत: परफॉर्मन्स इंजिनीअर, साइट रिलायबिलिटी इंजिनीअर, कपॅसिटी प्लॅनर, क्लाउड ऑपरेशन्स. पुण्यातल्या आयटी कंपन्या, ऐरोली-महापे पट्ट्यातली डेटा सेंटर, बँकांचे आयटी विभाग अशा ठिकाणी ही माणसे लागतात. पालकांनी एक गोष्ट मनाशी पक्की करावी: पहिली नोकरी बहुधा या नावाची नसते. सुरुवात सपोर्ट डेस्कवर किंवा सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटरच्या हाताखाली होते, रात्रपाळी असते, काही वर्षे बिघाड निस्तरण्यात जातात. या काळात मूल मागे पडले असे समजू नका. आकड्यांमागे काय घडते हे तिथेच कळू लागते.

दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. बारावीनंतर एमएचटी-सीईटी देऊन इंजिनीअरिंग, किंवा बीसीएस, बीसीए हेही मार्ग आहेत. शाखेच्या नावावरून घरात भांडणे होतात, ती मला अनाठायी वाटतात. ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्क आणि संख्याशास्त्र हे तीन विषय मनापासून झाले असतील, तर शाखा कोणतीही असो, दार उघडते. बीएस्सीला संख्याशास्त्र घेतलेल्या मुलीने लिनक्स शिकून या कामात यावे, असे मला फार वाटते. इंग्रजीची धास्ती अनेकांना असते. इथे लांबलचक भाषण करायचे नसते, चार सरळ वाक्यांत काय झाले ते लिहायचे असते, आणि ते सरावाने जमते.

एआय ही कामे खाऊन टाकेल का, असे पालक विचारतात. विचित्र दिसणारा आलेख हेरण्याचे काम यंत्रे करू लागली आहेत, त्यामुळे फक्त पडद्याकडे बघत बसण्याची नोकरी टिकेल या भरवशावर कोणी राहू नये. कोणाचा वाटा कापायचा आणि कोणाचा राखायचा, याचे उत्तर मात्र कोणाचे काम किती थांबू शकते यावर अवलंबून असते, आणि त्याची जबाबदारी कोणा माणसालाच घ्यावी लागते.

मुलाला हे जमेल का, हे घरीच तपासता येते. आठ जीबी मेमरीचा जुना संगणक घ्या, त्यावर लिनक्स आणि केव्हीएम बसवा, दोन छोटी व्हर्च्युअल मशीन तयार करा आणि दोघींना प्रोसेसरचा एकच कोअर वाटून द्या. एकीत ‘स्ट्रेस-एनजी’ने मुद्दाम भार टाका, दुसरीतही थोडे काम चालू ठेवा आणि तिच्यात ‘टॉप’ या कमांडमधला ‘एसटी’चा आकडा पाहत राहा. दर पाच सेकंदांनी त्याची नोंद करा, आलेख काढा. पुढे प्रोमिथियस आणि ग्राफाना ही साधने वापरता येतील. तीही विनामूल्य आहेत. ब्रेंडन ग्रेग यांची ‘यूएसई’ पद्धत वाचावी: प्रत्येक साधनाचा वापर किती, त्यासाठी रांग किती आणि चुका किती, हे तीन प्रश्न क्रमाने विचारायचे. ज्या मुलाला आलेखातला एखादा वाकडा उंचवटा पाहून जेवणाचेही भान राहत नाही, त्याला या वाटेवर जाऊ द्या. ज्याला कंटाळा येतो, त्याच्यावर लादू नका. संगणकात इतर कामे पुष्कळ आहेत.

कॉलेज निवडताना माहितीपत्रकातल्या इमारतीच्या फोटोंपेक्षा तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा. लॅबमध्ये लिनक्सच्या मशीनवर स्वतः काही बसवू देतात का, मशीन बिघडले तर ते मुलांकडूनच दुरुस्त करून घेतात का, की फक्त जर्नल पूर्ण करून घेतात, एवढे विचारा आणि मगच पसंतीक्रम भरा.