निळ्या काँक्रीटची घरे

दगड जड व निश्चल असतो, त्यात काही घडत नाही, अशी सर्वसामान्य समजूत आहे. परंतु १८९६ साली बेकरेल या फ्रेंच शास्त्रज्ञास असे आढळले की, युरेनियमच्या क्षारांतून अदृश्य किरण आपोआप बाहेर पडतात. हे युरेनियम अल्प प्रमाणात बहुतेक खडकांत असते. ग्रॅनाइटात अधिक, तर सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात फारच कमी. त्याचे अणू अतिमंद गतीने फुटतात. त्यांपासून क्रमाक्रमाने रेडियम व रेडियमपासून रेडॉन नावाचा वायू उत्पन्न होतो. या वायूस रंग नाही, गंध नाही, चवही नाही. मोकळ्या हवेत तो विरून जातो; बंद घरात मात्र साचतो. त्यापासून निर्माण होणारे किरणोत्सर्गी कण श्वासावाटे फुप्फुसांत जातात आणि पुढे कर्करोगास कारण होऊ शकतात.

स्वीडन देशास याचा अनुभव आला. ज्या काळ्या, पापुद्र्यांच्या खडकापासून पूर्वी तुरटी काढीत, तो भाजून व त्यात चुना मिसळून तेथे १९२९ पासून एक हलके, निळसर काँक्रीट तयार होऊ लागले. ते थंडी अडवी व करवतीने सहज कापता येई. लाखो कुटुंबे अशा घरांत सुखाने राहू लागली. पण त्या खडकात युरेनियम विपुल होते! १९५६ साली हुल्टक्विस्ट या शास्त्रज्ञाने घरांतील किरणोत्सर्गाचे मापन प्रसिद्ध केले. तथापि त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे १९७३ साली खनिज तेल महागले. इंधन वाचावे म्हणून लोकांनी दारे-खिडक्यांच्या फटी बुजविल्या. ऊब घरात राहिली. पण तिच्याबरोबर रेडॉनही कोंडला गेला. अखेर १९७५ साली या काँक्रीटचे उत्पादन थांबले.

ती सारी घरे पाडावी लागली नाहीत. हवा मोजण्यात आली आणि वायुवीजन सुधारण्यात आले. बहुतेक घरांत रेडॉन मुख्यतः पायाखालच्या जमिनीतून येतो. दगडाचा वाटा सहसा लहान असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील हवेसाठी दर घनमीटरास १०० बेकरेल ही मर्यादा सुचविली. धूम्रपान करणाऱ्यास हा धोका कितीतरी अधिक असतो.

दगडाला भिण्याचे कारण नाही. पण जे दिसत नाही ते नसतेच, असे मानू नये. मोजमाप आणि मोकळी हवा हेच यावरील खरे उपाय होत.

स्वाध्याय
१. रेडॉन घरात का साचतो?
२. फटी बुजविल्याने कोणता लाभ व कोणती हानी झाली?
३. समानार्थी शब्द लिहा : पाषाण, विपुल, निश्चल.