नीटमध्ये गुण कमी पडले : आता पुढे काय?

दरवर्षी नीटचा निकाल लागला की वस्तीत दोन प्रकारची घरे दिसू लागतात. ज्या घरी गुण चांगले पडले तेथे पेढे येतात आणि चौकात अभिनंदनाचा फलक लागतो. ज्या घरी गुण कमी पडले तेथे चार दिवस दार लोटलेले असते आणि येणारा-जाणारा प्रत्येक नातेवाईक एकच प्रश्न विचारतो, "किती पडले?" पहिल्या घराचे कौतुक स्मरणिकेत छापून येतेच, व ते यावयासच पाहिजे. परंतु दुसऱ्या प्रकारची घरे संख्येने कितीतरी जास्त आहेत. प्रस्तुत लेख त्या घरांतील विद्यार्थी मित्रांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी आहे.

आम्ही कला शाखेचे पदवीधर आणि बँकेतील कारकून. भौतिकशास्त्रातले आम्हांस काही कळत नाही. हिशेब मात्र कळतो. त्यामुळे या विषयाचा विचार आम्ही हिशेबाच्याच अंगाने मांडणार आहोत. आमचे सांगणे थोडक्यात असे की, गुणपत्रिका ही लाज वाटून घेण्याची वस्तू नसून वाचण्याची वस्तू आहे. ती नीट वाचली तर पुढचा निर्णय पुष्कळसा तिच्यातच सापडतो. तो निर्णय लोक काय म्हणतील या भयाने किंवा घरच्या हट्टाने घेऊ नये.

सर्वप्रथम 'पात्र' या शब्दाचा अर्थ समजून घेऊ. नीट ७२० गुणांची असते. खुल्या प्रवर्गासाठी ५० पर्सेंटाइल आणि अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गासाठी ४० पर्सेंटाइल ही पात्रतेची रेषा आहे. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ४० पर्सेंटाइल याचा अर्थ परीक्षेस बसलेल्या शंभरांपैकी चाळीस जण तुमच्या मागे आहेत, इतकाच. २०२५ साली अनुसूचित जातीसाठी ही रेषा ११३ गुणांवर आली होती. त्या वर्षी सुमारे २२ लाख विद्यार्थी परीक्षेस बसले व १२ लाख ३६ हजारांहून अधिक पात्र ठरले. याउलट देशातील एम.बी.बी.एस.च्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, आणि त्यांतल्या जवळपास निम्म्या खाजगी महाविद्यालयांत. म्हणजे पात्र ठरणे ही रांगेत उभे राहण्याची परवानगी झाली, जागा नव्हे. पुष्कळ पालक 'क्वालिफाइड' हा शब्द वाचून पेढे आणतात आणि दोन महिन्यांनी खचतात. तसे होऊ नये म्हणून हे आधीच सांगितले.

दुसरी गोष्ट, नुसत्या गुणांवरून काही ठरवू नये, क्रमांक पाहावा. २०२४ साली ७२० पैकी ७२० मिळविणारे विद्यार्थी एकाहून अधिक होते. २०२५ साली प्रश्नपत्रिका कठीण निघाली आणि देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे गुण ६८६ होते. साहजिकच २०२४ मध्ये जे गुण अपुरे पडले, तेवढ्याच गुणांना २०२५ मध्ये कितीतरी वरचा क्रमांक होता. शेजारच्या मुलाला दोन वर्षांपूर्वी इतक्या गुणांवर प्रवेश मिळाला होता, हे गणित म्हणूनच चुकते. राज्याच्या ८५ टक्के जागांचे प्रवेश सीईटी कक्षामार्फत होतात व शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के अखिल भारतीय जागांचे प्रवेश दिल्लीच्या समितीमार्फत होतात. दोन्हीकडे मागील वर्षी आपल्या प्रवर्गातील शेवटचा प्रवेश कोणत्या क्रमांकावर झाला याच्या याद्या संकेतस्थळावर असतात. त्या उतरवून घ्याव्यात व आपला क्रमांक त्यांच्या शेजारी लिहावा. थोडे अंतर असेल तर शेवटच्या फेरीपर्यंत थांबण्यात अर्थ आहे. फार अंतर असेल तर तेही त्याच संध्याकाळी कळते आणि तीन महिने टांगून राहणे टळते.

आता प्रत्यक्ष उत्तरपत्रिकेकडे वळू. आमच्या मते या लेखातील सर्वांत उपयोगाचा भाग हाच आहे. परीक्षेत १८० प्रश्न असतात : भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९०. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात व चुकीच्या उत्तराला १ गुण कापला जातो. समजा, दोन विद्यार्थ्यांना प्रत्येकी ३३० गुण मिळाले. पहिल्याचे १०० प्रश्न बरोबर आले, ७० चुकले व १० त्याने सोडले. ४०० मधून ७० गेले, राहिले ३३०. दुसऱ्याचे ८५ बरोबर आले, १० चुकले आणि ८५ प्रश्न त्याने सोडूनच दिले. ३४० मधून १० गेले, राहिले ३३०. बाहेरच्यांना हे दोघे सारखेच दिसतात. वस्तुतः पहिल्याने सगळे वाचले आहे पण पक्के काहीच केलेले नाही, म्हणून तो अंदाजाने गोळे रंगवीत गेला. दुसऱ्याला जे येते ते पक्के येते. त्याचा अर्धा अभ्यासक्रमच राहून गेला आहे, किंवा त्याला वेळ पुरला नाही. दुसरा विद्यार्थी वर्षभर नेटाने बसला तर पुष्कळ पुढे जाऊ शकतो. पहिल्याने मात्र तोच वर्ग, तीच पुस्तके आणि तीच पद्धत पुन्हा वर्षभर चालविली, तर निकालही तसाच येण्याचा संभव अधिक. आपली उत्तरपत्रिका व अधिकृत उत्तरसूची दोन्ही उपलब्ध होतात. दोन्ही समोर ठेवून विषयवार बरोबर, चूक व सोडलेले असे तीन रकाने आखावेत. हे काम विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने करावे. क्लासवाल्याकडून करवून घेऊ नये, कारण पुढच्या वर्षाची फी त्यालाच मिळणार असते.

पुन्हा परीक्षा द्यावी काय, याचे उत्तर त्या तीन रकान्यांवर आणि घरच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. नियमांची अडचण नाही. वयाची वरची मर्यादा २०२२ साली काढून टाकण्यात आली आहे आणि किती वेळा बसावे यालाही मर्यादा नाही. परंतु नियम परवानगी देतो म्हणून वर्ष फुकट मिळते असे नव्हे. येथे एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. शासनाची शिष्यवृत्ती, समाजकल्याणचे वसतिगृह, स्वाधार योजनेची रक्कम हे सर्व कोठेतरी प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला मिळते. जो वर्षभर घरी बसून नीटची तयारी करतो, त्याला यातले काहीच मिळत नाही. ते वर्ष संपूर्णपणे आईबापांच्या खिशातून जाते. दहा बाय बाराच्या खोलीत, टी.व्ही. चालू आणि लहान भावंडे खेळत असताना रोज दहा तास अभ्यास होईल काय, हाही प्रश्न विचारावा. आपल्या विहाराचे सभागृह रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत बंद असते. तेथे चार टेबले, पंखे व चांगले दिवे लावले तर वस्तीतल्या आठ-दहा मुलांचा प्रश्न सुटेल. कार्यकारिणीने याचा विचार करावा, अशी आमची सूचना आहे.

आमचा कल असा आहे की पहिल्याच प्रयत्नात अपयश आले, कारण स्पष्ट सापडले आणि घर एक वर्ष सोसू शकते, तर एकदा जरूर पुन्हा बसावे. दुसऱ्या प्रयत्नानंतरही क्रमांक फारसा हलला नसेल, तर तिसरे वर्ष देण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मुले अभ्यासासाठी कमी आणि दुसरे काही सुचत नाही म्हणून जास्त बसतात, असे आम्ही पाहिले आहे.

दुसऱ्या वाटा कोणत्या? नीटच्याच गुणांवर दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि पशुवैद्यक यांचे प्रवेश होतात. आपल्या राज्यात फिजिओथेरपी व ऑक्युपेशनल थेरपीचेही होतात. बी.एस्सी. नर्सिंगसाठी राज्याची वेगळी सीईटी आहे. औषधनिर्माणशास्त्र व कृषी यांचे प्रवेश मुख्यत्वे एमएच-टी सीईटीवर होतात, आणि तिचा अर्ज नीटच्या निकालाच्या कितीतरी आधी भरावा लागतो. 'आपल्याला डॉक्टरच व्हायचे आहे' म्हणून तो अर्ज न भरणारी मुले निकालानंतर हात चोळीत बसतात. पुढच्या वर्षी बसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. नर्सिंगला आपल्याकडे अजूनही कमी लेखतात, विशेषतः मुलगा असेल तर. आमच्या ओळखीच्या एका मुलीने नीटचे गुण कमी पडल्यावर नर्सिंगची पदवी घेतली. तिला शासकीय रुग्णालयात नोकरी लागली आणि आज धाकट्या भावाचे शिक्षण ती करते. एक पथ्य मात्र पाळावे. मनात नसताना आयुर्वेद किंवा दंतवैद्यकाची जागा घेऊन ती मध्येच सोडणे महाग पडते. जागा सोडण्याची मुदत व दंड माहितीपुस्तिकेत छापलेले असतात, ते सही करण्यापूर्वी वाचावेत.

आता पैशाचा विषय. आमच्या काउंटरवर दर जून-जुलैमध्ये पालक मुदत ठेव मोडण्यासाठी येतात. त्यांतले एक सफाई कामगार होते. निवृत्तीला दोन वर्षे राहिली होती आणि एका एजंटाने त्यांना 'मॅनेजमेंटमधून' जागा देण्याचे कबूल केले होते. बांधवहो, एम.बी.बी.एस.चा कोणताही प्रवेश नीट व केंद्रीय प्रवेश प्रक्रिया यांच्या बाहेर होत नाही. एजंटाला दिलेला पैसा परत येत नाही.

खाजगी व अभिमत संस्थांची फी अनेक ठिकाणी वर्षाला वीस लाखांच्या पुढे आहे. त्यासाठी कर्ज काढावे काय? सर्वसाधारणपणे साडेसात लाखांपर्यंतचे शैक्षणिक कर्ज तारणाशिवाय मिळते; त्यावर बँक घर किंवा जमीन मागते. निवडक संस्थांसाठी २०२४ साली मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी योजनाही आहे. आपली संस्था तिच्या यादीत आहे काय ते पाहावे. हप्ता शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतो, परंतु व्याज पहिल्या दिवसापासून चढते. ३० लाखांचे कर्ज १० टक्के दराने १५ वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे ३२,००० रुपये येतो, आणि शिक्षणकाळातले व्याज यात धरलेले नाही. नव्या डॉक्टरचे पुढच्या पदव्युत्तर परीक्षेचे दिवसही तेच असतात. राहते घर तारण ठेवून हा भार उचलण्याच्या आम्ही विरुद्ध आहोत.

परदेशाचेही असेच. तेथे जाण्यासाठीसुद्धा नीट पात्रता लागते. परत आल्यावर परवान्याची परीक्षा ३०० पैकी १५० गुणांनी उत्तीर्ण व्हावी लागते, आणि अलीकडच्या वर्षांत तीत तिघांतला एकही नीट उत्तीर्ण होत नाही असे प्रमाण आहे. २०२१ च्या नियमांनुसार किमान ५४ महिन्यांचा इंग्रजी माध्यमाचा अभ्यासक्रम व त्याच संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता आवश्यक आहे. २०२२ साली युक्रेनहून हजारो मुले अर्धे शिक्षण टाकून परतली, हे आपण पाहिलेच.

कागदपत्रांविषयी दोन शब्द. बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या व्यक्तींना केंद्राच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने लागू झाल्या. त्या पूर्वजांच्या लढ्यातून आल्या असल्या, तरी मिळतात त्या कागदावरच. जातीचा दाखला, केंद्राच्या नमुन्यातील वेगळा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, अधिवास व उत्पन्नाचा दाखला ही सर्व कागदपत्रे बारावीच्या वर्षातच तयार असावीत. वैधतेसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला शोधण्यातच दोन-दोन महिने जातात. गुण पुरेसे असूनही वैधता प्रमाणपत्र नाही म्हणून हातची जागा जाणे, यापरते दुःख नाही.

गुणांवरून माणूस जोखणाऱ्यांना एक आठवण द्यावीशी वाटते. बाबासाहेबांना १९०७ च्या मॅट्रिकला ७५० पैकी २८२ गुण होते. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून ते परतले, सिडनहॅम महाविद्यालयात नोकरी करून पैसे साठविले आणि १९२० साली पुन्हा गेले. १९२३ साली परीक्षकांनी प्रबंध दुरुस्त करून मागितला. तो त्यांनी दुरुस्त करून पाठविला आणि त्याच वर्षी पदवी घेतली.

पालकांनी निकालानंतरचे पहिले आठ दिवस मुलाला एकटे सोडू नये व नातेवाइकांसमोर गुणांची चर्चा करू नये. तामिळनाडूची एस. अनिता ही एका दलित मजुराची मुलगी. तिला बारावीत १२०० पैकी ११७६ गुण होते. नीटमुळे प्रवेश हुकल्यावर २०१७ साली तिने जीवन संपविले. मूल जेवत नसेल, झोपत नसेल, निरवानिरवीचे बोलत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. शासनाची 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य व चोवीस तास चालू असते. तीन रकाने आखण्याचे काम आठवड्यानंतर केले तरी चालते. प्रवेशफेरीचे अर्ज भरण्याची शेवटची तारीख मात्र घरातल्या कोणीतरी आजच भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवावी.