एक मोबाईल, दहा मुले
(स्वयंसेवक आणि पालकांसाठी अभ्यासलेख)



पाड्यावर संध्याकाळचा अभ्यासवर्ग घेणाऱ्या स्वयंसेवकांच्या दोन तक्रारी नेहमीच्या असतात : मुलांसाठी गोष्टींची पुस्तके नाहीत आणि मोबाईलला रेंज नाही. आईवडिलांची अडचण वेगळी असते. पहाटे कामावर गेलेली आई दिवेलागणीला परतते, चूल पेटवते आणि म्हणते, "मला वाचता येत नाही, मी पोराला काय शिकवणार?"

या तिन्ही अडचणी खऱ्या आहेत. तरीही एका साध्या मोबाईलवर बरेच काही करता येते. रेंज असेल तेथे साहित्य उतरवून घ्यावे, वर्गात ते मोठ्याने वाचावे आणि त्यावर मुलांना त्यांच्या घरच्या भाषेत बोलू द्यावे. या तिन्हींपैकी शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे.

साहित्य कोठे मिळते?

स्टोरीवीव्हर : 'प्रथम बुक्स' या संस्थेने २०१५ साली हे गोष्टींचे संकेतस्थळ सुरू केले. येथे मराठीसह अनेक भाषांतील सचित्र गोष्टी मोफत आहेत. गोष्टींच्या चार पायऱ्या केलेल्या आहेत. पहिल्या पायरीवर सोपे शब्द आणि थोडी वाक्ये असतात. गोष्ट उतरवून घेण्याची, छापण्याची आणि दुसऱ्या भाषेत आणण्याचीही परवानगी आहे. लेखक, चित्रकार व प्रकाशक यांची नावे मात्र द्यावी लागतात.

दीक्षा : हे शासकीय अॅप २०१७ साली सुरू झाले. पाठ्यपुस्तकावर छापलेला क्यूआर कोड या अॅपने स्कॅन केला की त्या धड्याचे साहित्य उघडते. ते आधी उतरवून ठेवले तर पुढे इंटरनेट लागत नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तकेही तिच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. पुस्तक पावसात भिजले, हरवले, तर हा मोठा आधार आहे.

अरविंद गुप्ता यांचे संकेतस्थळ : टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करून विज्ञान शिकवणाऱ्या गुप्ता यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकेही आहेत. त्यांचा एक प्रयोग कोणालाही जमेल. काड्यापेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीच्या तुकड्यांनी जोडून एक चौकोन आणि एक त्रिकोण करा. चौकोन दाबला की वाकडा होतो, त्रिकोण जागचा हलत नाही. मग मुलांना विचारा, छपराच्या लाकडांत त्रिकोण कोठे दिसतो?

घरची भाषा का?

मेळघाटातील कोरकू भाषा मुंडा कुळातील आहे, तर गोंडी द्राविड कुळातील. मराठी या दोन्ही कुळांतली नाही. म्हणून पहिलीत आलेल्या कोरकू किंवा गोंड मुलाला अक्षर आणि भाषा दोन्ही एकदमच नवीन असतात. ते गप्प बसले की आपण त्याला 'मागे पडलेले' म्हणतो. खरे तर त्याला उत्तर माहीत असते, मराठी शब्द माहीत नसतो. हा गैरसमज दूर झाला नाही तर मूल हळूहळू शाळेलाच नको म्हणू लागते.

राज्यघटनेचे कलम ३५०-क प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयीबद्दल सांगते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य असेल तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. तयार पुस्तक मिळाले नाही म्हणून आपण थांबू नये. गावातील एखादी ताई किंवा आजी तीच गोष्ट आपल्या भाषेत सांगू शकते. ती वहीत देवनागरीत उतरवली की आपल्या वर्गाचे पहिले पुस्तक तयार झाले.

चाळीस मिनिटांचा वर्ग

१. पहिली ५ मिनिटे : पुस्तकातील चित्र दाखवा. "काय दिसते?" असे विचारा. उत्तर कोणत्याही भाषेत चालेल.
२. पुढची १० मिनिटे : शब्दांवर बोट ठेवून गोष्ट दोनदा सावकाश वाचा.
३. नंतरची १० मिनिटे : मुलांनी गोष्ट आपल्या भाषेत सांगावी. त्यांचे शब्द फळ्यावर मराठी शब्दांशेजारी लिहा.
४. पुढची १० मिनिटे : जोडीजोडीने वाचन. मोठ्याने लहानाला मदत करावी.
५. शेवटची ५ मिनिटे : एक चित्र काढून त्याखाली एक शब्द लिहावा.

दहा मुलांनी एका पडद्याभोवती दाटी करू नये. शक्य असेल तर गोष्ट छापून न्यावी. मोबाईल स्वयंसेवकाच्या हातात असावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसात एक तासापेक्षा जास्त पडद्यासमोर बसू नये; कमी तितके बरे.

वाचता न येणाऱ्या आईने काय करावे?

तिने रोज दहा मिनिटे फक्त ऐकावे. चुलीपाशी बसून "आज कोणती गोष्ट झाली? मग पुढे काय झाले?" एवढे विचारावे. सांगता सांगता मुलाची गोष्ट पक्की होते आणि आपल्या शिक्षणात आईला रस आहे हे त्याला कळते. यासाठी अक्षरओळख लागत नाही.

एक सावधगिरी

पालकांच्या परवानगीशिवाय मुलांची छायाचित्रे, नावे किंवा गावाचा पत्ता कोणत्याही ग्रुपवर टाकू नये. आपला हेतू चांगला असला तरी मूल हे आपल्या कामाची जाहिरात नव्हे.

विचारासाठी

१. आपल्या वर्गातील मुले घरी कोणती भाषा बोलतात? तिच्यातील दहा शब्द आपल्याला येतात का?
२. आपल्या तरुण संघातील कोण दर महिन्याला चार गोष्टी उतरवून छापून देऊ शकेल?
३. गोष्ट सांगण्यासाठी गावातील कोणत्या आजीला वर्गात बोलवता येईल?

पुढच्या बैठकीत या प्रश्नांवर एकत्र बोलावे आणि निदान एक गोष्ट छापून घेऊन पाड्यावर जावे, ही विनंती.