चिंचेवर चढताना दोराचा क्लॅम्प कोणता घ्यावा?

प्रश्न : आमच्या बांधावर चिंचेची चार जुनी झाडं आहेत. चिंचा झोडायला वर चढणारा गडी आता मिळत नाही. दोरावर वर सरकणारा, पण खाली न घसरणारा क्लॅम्प मिळतो असं ऐकलं. त्यातला सुरक्षित कोणता?
– एक वाचक, मानवत (जि. परभणी)

उत्तर : तुम्ही म्हणता त्या साधनाला सह्याद्रीचे कडे चढणारे गिर्यारोहक ‘जुमार’ म्हणतात. १९५८ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये गरुडांचा अभ्यास करणाऱ्या ज्युसी यांना दोरावरून चढायचं होतं. त्यांच्यासाठी मार्टी यांनी हे साधन घडवलं. दोघांच्या आडनावांतून ‘जुमार’ झालं. आत स्प्रिंगवर बसवलेला दातेरी तुकडा असतो. वर ढकललं की तो दोर सोडतो, खाली भार आला की दोरात रुततो.

हार्डवेअरच्या दुकानात क्लॅम्प मागितलात, तर नटबोल्टचा इंग्रजी यू आकाराचा क्लॅम्प हाती येईल. तो तारेच्या दोरासाठी असतो. त्यावर माणूस लटकवायचा नाही.

आधी दोर ठरवा, मग क्लॅम्प. विहिरीचा सोल, कासरा किंवा पिवळा-निळा पीळदार प्लास्टिकचा दोर इथे चालत नाही. आत गाभा आणि वर विणलेलं कवच असलेला, कमी ताणणारा ११ मिलिमीटरचा गिर्यारोहणाचा दोर घ्या. क्लॅम्पवर दोराची जाडी कोरलेली असते, उदाहरणार्थ ८ ते १३ मिलिमीटर. तुमचा दोर त्यात बसला पाहिजे. ‘ईएन ५६७’ हे युरोपीय मानकाचं चिन्हही पाहा. ज्यावर बनवणाऱ्याचं नाव, जाडी, मानक काहीच नाही, तो क्लॅम्प कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. दुकानातच खटका दाबून पाहा. तो चुकून उघडणारा नसावा आणि दाते झिजलेले नसावेत.

आता सर्वांत महत्त्वाचं. जुमार चढण्यासाठी आहे, पडणाऱ्याला झेलण्यासाठी नाही. साधारण ४०० ते ६०० किलो भाराइतका झटका बसला, तर त्याचे दाते दोराचं कवच फाडू शकतात. दोर ढिला ठेवून माणूस मीटर-दोन मीटर जरी पडला, तरी झटका एवढा होऊ शकतो. म्हणून क्लॅम्पच्या वरचा दोर कायम ताठ ठेवा, आणि दोर ज्या फांदीवरून घेतला तिच्या वर चढू नका. एकाच क्लॅम्पवर जीव टाकू नका. एक हातात, पायाच्या फासासह, दुसरा छातीशी, दोन्ही हार्नेसला, म्हणजे अंगावर बांधायच्या पट्ट्यांना, जोडलेले. शिवाय वेगळ्या दोरावर, पडताना झेलणारं स्वतंत्र साधन हवं. हार्नेस पूर्ण अंगाचा, आयएस ३५२१ मानकाचा घ्या.

जुमारने खाली उतरता येत नाही. उतरायचं साधन, म्हणजे डिसेंडर, सोबत असलंच पाहिजे आणि वर लटकत असताना त्यावर बदली करणं आधी शिकलेलं असलं पाहिजे.

झाडाचाही विचार करा. दोर फांदीवरून टाकून बुंध्याला बांधला, तर त्या फांदीवर तुमच्या वजनाच्या जवळपास दुप्पट भार येतो. चिंचेचं लाकूड चिवट असतं, पण वाळकी किंवा पोखरलेली फांदी कुणाचीच नसते. चढण्याआधी दोघांनी मिळून जमिनीवरून दोरावर भार देऊन पाहा. शेवग्यावर हा प्रयोग करूच नका. त्याची फांदी ठिसूळ असते. जवळून विजेची तार जात असेल तर ते झाड सोडून द्या. नारळावर चढायचं यंत्रही इथे उपयोगी नाही, ते बिनफांद्यांच्या सरळ खोडासाठी आहे.

आपल्या काळ्या रानाची माती दातांत आणि स्प्रिंगमध्ये बसते. वापरानंतर क्लॅम्प पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. उंचावरून एकदा आपटलेला क्लॅम्प पुन्हा वापरात आणू नका.

पहिला सराव गिर्यारोहण शिकवणाऱ्या माणसासमोर, जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर करा. खाली एक जाणता माणूस नेहमी हवा. हार्नेसमध्ये निश्चल लटकून राहणंही धोक्याचं आहे, अशा माणसाला लगेच उतरवावं लागतं.

एवढी तयारी या हंगामात जमत नसेल, तर जमिनीवरून लांब बांबूच्या आकडीने जेवढ्या निघतील तेवढ्याच चिंचा काढा. उरलेल्या झाडावर राहू द्या.