भाड्याच्या घरावरचं सोलर: कराचा हिशेब कसा मांडावा

भाडेकरूच्या मजल्याचं महावितरणचं बिल आधी हातात घ्या. कनेक्शन कुणाच्या नावावर आहे आणि बिल कोण भरतं, हे लिहून ठेवा. आपल्याकडे बहुधा मीटर मालकाच्या नावावर आणि पैसे भाडेकरूच्या खिशातून, असाच मामला असतो. अशा मीटरवर सोलर जोडलं की बिल कमी होतं भाडेकरूचं. तुमच्या हाती दमडी पडत नाही, म्हणून करही नाही. तुम्ही राहता त्या मजल्याचं बिल आटलं तरी तेच. वाचलेल्या बिलाला आयकर खातं उत्पन्न म्हणत नाही.

मग संचाची किंमत ठरवा. ३ किलोवॉटचा संच १,८०,००० रुपयांना पडला असं धरू. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे. ते किमतीतून वजा करा, उरले १,०२,०००. घसारा घ्यायचा झाल्यास तो या रकमेवर. पूर्ण किमतीवर घेतला तर नोटीस ओढवून घ्याल. जीएसटी बिल, नेट मीटरचा कागद आणि अनुदान जमा झाल्याची बँकेतली नोंद एका फाइलीत लावा.

आता खरी मेख. सोलरपोटी भाडेकरूकडून महिन्याला १,५०० रुपये जास्त घ्यायचे आहेत. ते कशाचे म्हणून घ्यायचे, हे करारनामा करण्याआधी ठरवा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवावाच लागतो आणि ती जबाबदारी मालकाची, तेव्हा नंतर शब्द फिरवणं सोपं नाही.

एक वाट म्हणजे भाडंच १८,००० चं १९,५०० करणं. गीझर किंवा लिफ्टसारखी सोलर ही घराची एक सोय झाली. सगळी रक्कम घर-मालमत्तेच्या उत्पन्नात जाते. त्यातून त्या वर्षी प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा करा आणि उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट घ्या. पावती मागत कुणी येत नाही. मात्र पॅनेल धुणं, इन्व्हर्टरची दुरुस्ती, विमा, घसारा हे सगळं त्या ३० टक्क्यांतच आलं. वर्षाच्या वाढीव १८,००० पैकी १२,६०० करपात्र.

दुसरी वाट म्हणजे संच वेगळ्या आकाराने भाड्याने देणं. हे पैसे ‘इतर स्रोत’ या सदरात जातात. ३० टक्के वजावट नाही, पण खरा खर्च आणि ४० टक्के घसारा मिळतो. संच वर्षात १८० दिवसांहून कमी वापरला तर पहिल्या वर्षी निम्माच. आपल्या उदाहरणात पहिल्या वर्षी घसारा ४०,८००, म्हणजे २२,८०० चा तोटा. मुदत ठेवीचं व्याज असेल तर तो त्यातून वळता होतो. दुसऱ्या वर्षी घसारा २४,४८०, तिसऱ्या वर्षी १४,६८८, असा तो आटत जातो. पाचव्या वर्षी ५,२८८ उरतो आणि करपात्र रक्कम १२,७१२ होते, पहिल्या वाटेपेक्षा जास्त. इतर खर्च मोठा नसेल तर तिथून पुढे ही वाट दरवर्षी महाग पडते. तरी सुरुवातीचा फायदा एवढा मोठा असतो की तो फिटायला आणखी बरीच वर्षं जातात.

पण इथे एक खड्डा आहे. घर आणि संच एकमेकांपासून सोडवता न येणारे, अशा भाषेत करार झाला तर अख्खं भाडंच ‘इतर स्रोत’मध्ये ढकललं जाऊ शकतं आणि घरावरची ३० टक्के वजावटही हातची जाते. दीड हजारापायी अठरा हजार गोत्यात. म्हणून रकमा दोन लिहा आणि संचाचा करार घराला धक्का न लावता संपवता येईल असं कलम घाला. युनिटमागे दर लावू नका. वीज विकायला विद्युत अधिनियम २००३ खाली परवाना लागतो. ठरावीक मासिक आकार बरा.

माझं विचाराल तर हा खटाटोप २० किंवा ३० टक्क्यांच्या टप्प्यात असणाऱ्यांनीच करावा. नव्या करप्रणालीत एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत असलेल्या निवासी करदात्याला नेहमीच्या उत्पन्नावर कर शून्य आहे. पेन्शन आणि एका मजल्याचं भाडं, एवढ्यावर राहणाऱ्या काकांनी सरळ भाडं वाढवावं आणि झोप घ्यावी.

३१ मार्चला नेट मीटरचा वर्षाचा हिशेब होतो आणि शिल्लक युनिटांचे पैसे बिलात जमा होतात. बिल भाडेकरू भरत असेल तर फायदा त्याचा. ती रक्कम तुम्ही त्याच्याकडून मागून घेतली तर मात्र ‘इतर स्रोत’मध्ये दाखवा. गच्चीच एखाद्या सोलर कंपनीला भाड्याने दिली असेल, तर ते घराचंच भाडं समजा. मोबाइल टॉवरच्या गच्चीभाड्याकडे न्यायाधिकरणांनी असंच पाहिलं आहे.

घसारा घेत असाल तर विवरणपत्र भरताना सहज फॉर्म बाजूला ठेवा, आयटीआर-२ घ्या. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर अधिनियम २०२५ लागू आहे. कलमांचे आकडे बदलले, उत्पन्नाची सदरं तीच राहिली. त्यामुळे जुन्या करारात कलमाचा आकडा लिहिला असेल, तर पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी तेवढा दुरुस्त करून घ्या.